इंद्रभानची मिशी

शनिवारी साखरखेर्ड्याच्या थेटरात संगीत नाटक होतं आणि नायिका होता इंद्रभान. गाणी बसली, लुगडं आलं. राहिली फक्त मिशी. न्हाव्यानं वस्तरा खाली ठेवला.

"बाप जिता असताना मिशी नाही काढत बे. लोकाईले वाटीन, उत्तमराव गेले."

"मंग मी सोताच काढतो," इंद्रभान म्हणाला, आणि त्यानं काढली.

घरी उत्तमराव ओट्यावर बसले होते. लेकाचा कोरा ओठ त्यांनी पाहिला. मग उठले, पटका बांधला, चावडीवर जाऊन कोतवालाच्या गळ्यातलं डफडं काढून आपल्या गळ्यात अडकवलं आणि गल्लोगल्ली दवंडी देत निघाले.

"शनिवारी नाटक हाये हो. पेटी-तबला हाये. नायिका माहं पोरगं हाये. अन् मी जिता हाये."