उंबऱ्याबाहेरची झडती

"साहेब, वॉरंट हाय काय?" किशोर दारात आडवा उभा राहिला.

फौजदार घाट चढून कुडपणला आले होते. सोबत एकच शिपाई. "घरात बिनपरवाना बंदूक आहे, अशी खबर आहे. परवा थोरल्या भावाला गोळी घालीन म्हणालास, ते गावानं ऐकलंय."

"मग कारण लिहून आणलंत? गावातले पंच कुठं हायत? असं कुणाच्याबी घरात शिराय घटनेत लिवलेलं नाय." किशोरनं मुंबईत वकिलाकडे कारकुनी केली होती.

खबर मिळताच फौजदार घाईनं निघाले होते, कागद केलाच नव्हता.

किशोरची आई, रंगूबाई, तुळशीपाशी माळ ओढत बसली होती. सोमवारी ती खोटं बोलत नसे. आज सोमवारच.

आत माळ्याला शिडी लावलेली दिसली, तसा किशोर दात खाऊन पुटपुटला, "ही कशाला लावलीस गो आये?"

ती माळ ओढत राहिली.

"मावशी," फौजदार हळू आवाजात म्हणाले, "घर तुमच्या नावावर आहे. राजीखुशीनं हो म्हणालात तर बघून जातो. नाही म्हणालात तर उंबरा ओलांडणार नाही."

बंदूक सापडली तर पोरगा तुरुंगात जाणार, हे तिला ठाऊक होतं. किशोर तिच्याकडे बघत होता. लहानपणी तापात बघायचा, अगदी तसा.

माळ थांबली.

"नाय," रंगूबाई म्हणाली.

"ठीक आहे. कागद करून उद्या येतो." जीप घाट उतरून गेली.

"वा गो माझे आये! साहेबाला आल्या पावली धाडलास!" किशोर हसत शिडी चढला. उतरला तेव्हा हातात ठासणीची बंदूक होती.

"दरीत टाक रे ती. तुझ्या पाया पडते."

"टाकतो ना. पण आधी खबऱ्याला बघतो. भरतशिवाय कोण आसंल? सख्खा भाव म्हणं!"

तो बांध ओलांडून भरतच्या घराकडे धावत सुटला. रंगूबाई मागोमाग निघाली, पण अंतर वाढतच गेलं. पठारावरचा वारा समोरून येत होता, हाक तोंडातच अडत होती.

"किशोर! भरतनं नाय रे," ती ओरडली, "पोलिसांना फोन मी केला!"