तुटक रेघ

"काकू, तो सांधा नाहीये. नुसता तडा आहे," कॉलेजातली तरुण संशोधक आरोही म्हणाली आणि तिने लॅपटॉप मीनाक्षीबाईंच्या पुढ्यात सरकवला.

पडद्यावर माशाची कवटी फिरत होती. सुरमई-बांगड्यांचा पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा पूर्वज, दगडात दबून चपटा झालेला. शरच्चंद्रांनी शोधलेला मासा. त्याचं सीटी स्कॅन व्हावं म्हणून मीनाक्षीबाईंनी वर्षभर कॉलेजात खेटे घातले होते. गेलेल्या नवऱ्याचं हसं झालं होतं, ते एकदा धुऊन निघावं एवढीच इच्छा.

इतक्या जुन्या माशांत गालावरचं हाड अखंड असतं. शरच्चंद्रांच्या पहिल्याच शोधनिबंधातल्या चित्रात मात्र त्याच्या मधोमध सांधा होता. परदेशी तज्ज्ञांनी खिल्ली उडवली, इथल्यांनी री ओढली. शरच्चंद्र एवढंच म्हणाले, "चूक माझी." त्यावरून गिरगावातल्या दोन खोल्यांत मीनाक्षीबाई तीस वर्षं भांडल्या. दगडात दिसलं तेच काढलंत ना, मग तोंड उघडा की. एकदा तर रागाच्या भरात भित्रे म्हणाल्या. ते चहा पीत राहिले.

"सरांचं पेन्सिलीचं मूळ चित्र असेल का?" आरोहीने विचारलं.

असणारच. शरच्चंद्र पेन्सिलीने काढायचे आणि त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून मीनाक्षीबाई शाईने गिरवायच्या. सलग रेघ म्हणजे सांधा, तुटक रेघ म्हणजे तडा. तरी प्रत्येक तड्याशेजारी ते बारीक अक्षरात 'तडा' असं लिहून द्यायचे. "एवढंही कळत नाही का मला?" म्हणून त्या हसायच्या.

बाकीची चित्रं फायलीत नीट लावलेली होती. हे तेवढं ट्रंकेच्या तळाशी, अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सापडलं. मीनाक्षीबाईंनी ते खिडकीशी नेऊन उजेडात धरलं.

गालाच्या हाडावर पेन्सिलीची रेघ होती. तुटक.

त्यांनी त्या रेघेवरून बोट फिरवलं. आरोही जवळ आली.

"ह्यांनी बरोबर काढलं होतं गं," त्या म्हणाल्या. "गिरवताना मी चुकले."

त्या रेघेशेजारी काहीच लिहिलेलं नव्हतं. 'तडा' लिहून द्यायला शरच्चंद्रांनी सुरुवात केली होती, ती पुढच्या चित्रापासून.