भैंशाची लाइन

आदिलाबादच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ताराबाई ऑपरेटर होती, भैंसा गावच्या एक्स्चेंजात महिपत. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. मैत्री जुळली ती क्रिकेटमुळे. भारताची मॅच असली की ताराबाई ट्रान्झिस्टर ऐकून त्याला लाइनवर स्कोर सांगायची. सत्त्याऐंशीच्या वर्ल्डकपात अशीच एक मॅच रंगली असताना दवाखान्यातून महिपतच्या सासऱ्यांचा फोन आला. “बाळंतपणात माही पोरगी गेली, बाई. लेकरूबी गेलं. भैंशाले जावयाले लाइन द्या.” तिनं भैंसा लावलं. “ताई, किती झाले?” महिपतनं हसत विचारलं. “भाऊ, घरचा फोन हाये,” एवढंच म्हणून तिनं लाइन जोडली आणि हेडफोन उतरवला. सासऱ्यांनी फोन ठेवल्यावर भैंशाहून घंटी वाजली. “बदली माणूस येईस्तोर एकटाच हाव, ताई. स्कोर सांगत राहा.” ताराबाई एकेक चेंडू सांगू लागली. पलीकडून महिपत प्रत्येक चेंडूला नुसतं ‘हं’ म्हणत होता.