एकोणतिसावा फॉर्म

"हा बघा," म्हणत मुख्याध्यापकांनी एकोणतिसावा फॉर्म टेबलाच्या मधोमध सरकवला.

हवालदारांनी तो उचलून मोठ्याने वाचायला घेतला आणि तिसऱ्या ओळीला त्यांचा आवाज आपोआप खाली आला. झोपेच्या गोळ्या: रोज. खोकल्याचं औषध: आठवड्यातून तीनदा. कुठून मिळतं: शाळेमागच्या गल्लीत. शेवटच्या मोकळ्या जागेत सुट्या, ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मला थांबायचंय. जमत नाही. कुणीतरी मला विचारा.'

मुख्याध्यापक, हवालदार, डॉक्टर आणि ग्रंथपाल बाई अशा चौघांची व्यसनविरोधी समिती स्थापन होऊन आठ महिने झाले होते. आजवर तिने चार पोस्टरं लावली, दोन भाषणं ठेवली आणि पुष्कळ बिस्किटं संपवली. नववीच्या अडतीस मुलांकडून बिननावाचे फॉर्म भरून घेणं हे तिचं पहिलं खरं काम. आणि पहिल्याच कामात हे निघालं.

"वर्गाच्या वह्या मागवल्यात," मुख्याध्यापक म्हणाले. "अक्षर जुळवायला अर्धा तास पुरे."

"आणि जुळलं की?" शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी विचारलं. समितीची कागदपत्रं त्याच सांभाळत. फॉर्म वाटले त्यांनी, गोळा केले त्यांनी, आणि कालची सगळी संध्याकाळ घरी बसून क्रमांकही त्यांनीच घातले होते.

"जुळलं की दाखला हातात. एक नासका आंबा सगळी अढी नासवतो, बाई."

"दाखला नंतर," हवालदार म्हणाले. "आधी दोन तास चौकीत बसवू. गल्लीतल्या माणसाचं नाव आपसूक बाहेर येईल."

"आपण मुलांना शब्द दिलाय." बाईंचा आवाज चढला. एरवी त्यांचा आवाज वाचनालयाबाहेरसुद्धा ऐकू येत नसे. "नाव शोधणार नाही, असं मीच वर्गात उभं राहून सांगितलंय. उद्या कोणतं मूल आपल्याला खरं सांगेल?"

"तुमची स्वतःची मुलगी त्याच वर्गात आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "भीती आधी तुम्हाला वाटायला हवी."

"वाटते. म्हणूनच बोलतेय."

मुख्याध्यापकांना वाद आवडत नसत, विशेषतः समोरचा बरोबर असला की. शिपायाने वह्यांचा गठ्ठा आणून ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, पहिली वही उघडली, फॉर्म शेजारी धरला. नाही. दुसरी. नाही. तिसऱ्या वहीपाशी ते बराच वेळ थांबले. बाईंनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. एखाद्या पोराचं सगळं आयुष्य त्या गठ्ठ्यात कुठेतरी होतं आणि ते काढायला निघालेला माणूस अंगठ्याला थुंकी लावून पानं उलटत होता.

चौथी वही. पाचवी.

"मागचं पान कुणी पाहिलं का?" डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी हात पुढे केला आणि फॉर्म घेऊन उलटा केला.

मागच्या पानावरच्या यादीतलं शेवटचं नाव होतं नीलकांडी. असा नशेचा पदार्थ जगात कुठेच नाही. बढाईखोर पोरं ओळखू यावीत म्हणून डॉक्टरांनी ते नाव एका दुपारी मनाने रचलं होतं. त्यावर जो खूण करील त्याचा अख्खा फॉर्म थाप समजून बाद करायचा, असं चौघांनी ठरवलं होतं आणि पाचव्याच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं.

"खूण आहे," डॉक्टर म्हणाल्या. "रोज घेतो म्हणे. नीलकांडी."

मग हवालदार पोट धरून हसले.

"कार्ट्याने घाम फोडला हो मला. चौकीत नेऊन बसवलं असतं तर माझीच शोभा झाली असती."

मुख्याध्यापकांनी वही मिटली. आपल्या शाळेत असलं काही नसणार हे आपण पहिल्यापासून म्हणत होतो, असं ते म्हणाले. कुणीच त्यांना अडवलं नाही. सुटकेच्या भरात माणसं पुष्कळ काही चालवून घेतात.

डॉक्टर मात्र पुन्हा पुढच्या पानाकडे वळल्या. "ही शेवटची ओळ थापेसारखी वाटत नाही मला."

"नियम तुम्हीच केलात, डॉक्टर," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

ते खरंच होतं. डॉक्टरांनी वर 'बाद' लिहून सही केली. हवालदारांनी फॉर्मचे चार तुकडे केले आणि टोपलीत टाकले. वह्या परत गेल्या.

बाई घरी पोचल्या तेव्हा मुलगी स्वयंपाकघरात बसली होती. दप्तर अजून खांद्यालाच होतं.

"उद्यापासून मी तुला बरोबरच घेऊन येणार," बाई म्हणाल्या. "मागच्या गल्लीने यायचं नाही. हातपाय धू, खायला देते."

"आई, फॉर्म वाचले तुम्ही?"

"वाचले."

"सगळे?"

"सगळे." बाईंनी पातेलं गॅसवर ठेवलं.

"मग कुणी काही विचारलं कसं नाही मला?" मुलगी म्हणाली. "तूच वर्गात म्हणालीस ना, खरं लिहा. मी खरं लिहिलं, आई. सगळं. मागच्या पानावरचं ते नीलकांडी काय असतं तेवढं मला माहीत नव्हतं, म्हणून तो एक रकाना कोरा सोडला."