रोकड खोलीतला कॅमेरा

एसटी आगाराच्या रोकड खोलीत अनसूयाबाई रोखपाल होत्या. सोमवारचा उपास, नागनाथाचं नाव आणि तिजोरीला हळदीकुंकू, यातलं काही त्यांनी कधी चुकवलं नाही. "माझ्या खोलीत मुंगी शिरली तरी देवाला कळतं," असं त्या कंडक्टर लोकांना ठासून सांगायच्या.

दिवाळी झाल्यावर गजभारे साहेब सुरक्षेच्या तपासणीला आले. त्यांनी कॅमेऱ्याचा पडदा सुरू केला, तर त्यात नुसता अंधार. दसऱ्याच्या सुमारापासून तो तसाच होता आणि इतक्या दिवसांत तिकडं कोणी ढुंकूनही बघितलं नव्हतं.

अनसूयाबाईंची नजर थेट वॉचमनवर गेली. "जळबा, खरं बोल! कॅमेरा कोणी झाकला? दाराशी तर तूच बसून राहतोस."

"नागनाथाची आण बाई, म्या हात न्हाई लावला," जळबा रडकुंडीला आला. "काहून माझ्या लेकरांच्या पोटावर येऊन राहिल्या?"

"साहेब, मागचं चित्र काढा. ज्याचा हात दिसंल त्याला सरळ घरी बसवा. अजिबात दयामाया नको!"

साहेबांनी चित्र खंडेनवमीपर्यंत मागं नेलं आणि पडदा अनसूयाबाईंकडं वळवला.



स्टुलावर चढलेल्या अनसूयाबाई भक्तिभावानं डोळे मिटून कॅमेऱ्याच्या काचेला कुंकवाचं ओलं बोट लावत होत्या. तिजोरी-कुलपांची पूजा झाली, आता राखण करणारा हा एकटाच बिनपूजेचा राहायला नको म्हणून.