वळणावरची चीर

हरिबाचा पंपघरातून पुन्हा फोन आला तेव्हा राजमती डोंगराच्या मध्यावर, पाइपच्या वळणापाशी उकिडवी बसली होती. पाइपला जागेवर धरून ठेवणारा काँक्रीटचा ठोकळा तडकला होता. चीर जिथं संपत होती तिथं तिनं पेन्सिलीनं रेघ मारली होती. बघता बघता चीर रेघेच्या पुढं सरकली.

"म्याडम, पानी चढाय लागलंय. दाब वाढवू का?"

"थांब. फोन ठेवू नको."

राजमती सांगलीची. कृष्णेचं पाणी औंधकडच्या या माळावर चढवायची योजना कंपनीनं तिच्यावर सोपवली होती. आज चाचणी, उद्या मंत्र्यांच्या हातून उद्घाटन. वर, पाणी जिथं पडणार त्या हौदाशी सगळा गाव सकाळपासून जमला होता, हलगीचा आवाज इथवर येत होता. ठोकळा उद्घाटनाच्या घाईत ओतलेला. अजून मुरू दे, असं ती बैठकीत एकदा म्हणाली होती आणि मग गप्प बसली होती.

चिरेच्या बरोबर खाली, उतारावर, एक पत्र्याचं घर होतं. तिनं बरोबरच्या इंजिनिअरला, प्रांजलला तिकडं पिटाळलं. "आधी माणसं बाहेर काढ. लांब ने."

दुसरा फोन वाजला. पुण्याहून यशराज, कंपनीचे साहेब.

"पाणी पोचलं का वर?"

"ठोकळा तडकलाय, सर. बंद करतेय."

"पोचायला किती वेळ आहे?"

"पाव तास."

"मग पाव तास काढ. एकदा धार पडू दे, लोकांनी बघू दे. मग कर बंद."

"खाली घर आहे, सर."

"माणसं काढलीस ना?"

तिनं खाली पाहिलं. प्रांजल दारात उभा राहून हातवारे करत होता. आतून कुणी बाहेर येताना दिसेना. तिनं फोन कापला आणि दुसरा कानाला लावला.

"हरिबा, बंद कर. एकदम नको, पाणी उलटं येऊन इथंच आदळेल. एकेक पंप, सावकाश."

"आवं म्याडम, वर बायका आरती घिऊन हुब्या हायत. माजी बायकू बी तितंच हाय."

"बंद कर, हरिबा."

"व्हय."

तिनं पाइपवर हात ठेवला. पाइप थरथरत होता. तिथून उठावं, लांब जावं, हे तिला कळत होतं, पण तिनं हात काढला नाही. चिरेतून पाण्याचा एक बारीक ओघळ आला, तिच्या बुटापर्यंत पोचला. मग हळूहळू थरथर कमी होत गेली आणि पाइप गप्प झाला. वर हलगी अजून वाजतच होती.

फोनवर साहेबांचा निरोप येऊन पडला. 'लाइट गेली म्हणून सांग.'

ती चढून वर गेली. तिचा चेहरा बघूनच हलगीवाल्याचे हात थांबले. पाइपच्या तोंडापाशी सरपंच बनुबाई बसल्या होत्या, तळहात पाइपसमोर धरून.

"आतनं वारं येत हुतं," त्या म्हणाल्या. "गार. मग थांबलं. लाइट गेली व्हय?"

सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"लाइट नाही गेली, आजी. मी बंद करायला लावलं. खाली आमचा ठोकळा तडकलाय. ओतायची घाई झाली, चूक आमची आहे."

"मग उंद्या मंत्री काय बगनार?" मागून कुणीतरी विचारलं.

"उद्या काही नाही. नवा ठोकळा ओतायचा, मुरवायचा. महिना तरी जाईल."

एकानं हातातला नारळ परत पिशवीत टाकला. आरतीची ताटं घेऊन बायका पांगायला लागल्या. बनुबाई बराच वेळ पाइपच्या तोंडाकडं बघत बसल्या, मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"चल. दाव मला."

उतारावरून त्या पुढं, राजमती मागं. वळणाशी येऊन बनुबाईंनी चिरेत बोट घातलं. पहिलं पेर आत गेलं.

खाली घरापासून लांब, बाभळीखाली, त्या घरातली अंजना तान्ह्या पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीच्या अंगावर अजून तेल चमकत होतं. न्हाऊ घालता घालताच तिला बाहेर काढलं होतं. या दोघींना उतरून येताना बघून ती अर्धवट उठली.

"आलं का वं पानी वर?"

बनुबाईंनी वर चिरेकडं पाहिलं, पत्र्याच्या घराकडं पाहिलं. मग वाकून पोरीचं अंग आपल्या पदरानं पुसायला लागल्या.

"न्हाई आलं," त्या म्हणाल्या. "बरं झालं."