चंद्रीचा पान्हा

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सारिकाचा प्रयोग वर्गात मावणारा नव्हता. म्हणून तिचं टेबल पटांगणात, त्यांच्या चंद्री म्हशीशेजारी मांडलं होतं.

"आई वारल्यापासून ही कुणालाच पान्हा सोडेना," सातवीतली सारिका परीक्षकांना सांगू लागली. "आईची साडी गुंडाळून धार काढायला बसलं, तरच दूध द्यायची. पण साडीचा वास विरत चालला. मग तो शाळेच्या गंधपेटीत भरून घेतला. आता पेटी हवा तेव्हा तसाच वास बनवते."

"दाखव बघू."

सारिकानं बटण दाबलं. खोबरेल तेल, चुलीचा धूर आणि घाम यांचा मिसळलेला वास पसरला. चंद्री रेकली. तिच्या सडांतून आपोआप दूध ठिबकायला लागलं. टाळ्या पडल्या.

घरी ही पेटी फक्त गोठ्यात लावायची, असा बाबांचा नियम होता. त्याआधी ते धाकट्या चिमीला घेऊन घरात जायचे आणि आतून कडी लावून घ्यायचे. ती कडी चिमीसाठी असते, असंच सारिकाला वाटायचं. आज पटांगणात कडी नव्हती.

चिमी बाबांच्या कडेवरून खाली उतरली. तिनं टेबलाखाली वाकून पाहिलं, मग म्हशीच्या पलीकडे जाऊन पाहिलं.

"आई, बाहेर ये ना आता," ती हसत म्हणाली.

टाळ्या थांबल्या. "बंद कर, बाळ," परीक्षक हळूच म्हणाले.

सारिकानं हात पुढे केला, तर बटणावर आधीच बाबांचा हात होता. त्यांचे डोळे मिटलेले होते.

"राहू दे गं," ते म्हणाले. "आत्ताच तर आलीय ती."